मानलेला भाऊ

७ मे १९९०

केलर स्ट्रीटच्या ब्लॉक क्लबने आज मला अध्यक्ष केलं. केलं म्हणजे काय, दुसरं कुणी तयारच होईना. मिस्टर टॉलिव्हर म्हणाले, माझे गुडघे दुखतात. अध्यक्षाला काय शर्यत पळायची असते? गल्लीतल्या घरमालकांचं हे मंडळ माझ्या नवऱ्याने, हॉलिसने, आणि त्याच्या दोस्तांनी काढलं, तेव्हा हिरवळ कापली का आणि कचऱ्याचे डबे आत घेतले का, एवढंच त्याचं काम होतं. आता पोलादाचा कारखाना बंद, हॉलिस मातीखाली, आणि कोपऱ्यावर रेड.

आधी रेडबद्दल लिहिते. तांबूस केसांचा, तेविशीतला दांडगा. बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या पायरीवर सकाळपासून ठाण मांडून बसतो, भोवती त्याच्यासारखेच टोळभैरव. गाडी येते, काच खाली होते, हात आत जातो, हात बाहेर येतो. क्रॅकचा, म्हणजे कोकेनच्या खड्यांचा धंदा, माझ्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, भर दिवसा. तीस वर्षं पोस्टात टपाल लावून मी हे घर माझं केलं, ते हे बघायला का?

काल चर्चला निघाले होते. चर्चमध्ये येणाऱ्यांना जागेवर बसवायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे. रेड म्हणतो, "मिस ओझेला, आम्हालाही एखादी जागा दाखवा की." सगळे फिदीफिदी हसले. दाखवते बाळा, असं मी मनात म्हटलं.

रोज लिहिणार नाही. लिहीन ते खरं लिहीन. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि एकसष्टाव्या वर्षी लावून घ्यायची इच्छाही नाही.

२० मे

लेम पन्हळी साफ करायला आला. तीन घरं सोडून राहणाऱ्या बर्नाडीन गेन्सचा हा मुलगा. लहान होता तेव्हा ती इस्पितळात रात्रपाळी करायची, त्यामुळे तो माझ्याच सोफ्यावर झोपायचा. पाढे मी शिकवले, गाडी हॉलिसने शिकवली. आता टायरच्या दुकानात आहे. हिवाळ्यात मी उठायच्या आधी माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून कामावर जातो, कधी सांगावं लागत नाही. मला "दुसरी आई" म्हणतो. पहिली कशी आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यात फार फुशारत नाही.

बर्नाडीनचं चुकलं ते एकाच ठिकाणी. रेडची आई नशेपायी परागंदा झाली, तेव्हा हिने त्या दहा वर्षांच्या पोराला घरात घेतलं. लेमच्याच खोलीत, लेमच्याच कपड्यांत वाढवलं. आम्हा काळ्या लोकांत अशा नात्यांना कागद लागत नाही. ज्याने तुमच्या भांड्यातलं खाल्लं तो तुमचा. अर्धी गल्ली एकमेकांची मानलेली मामा, मावशी आणि चुलतभावंडं आहे. चांगली रीत आहे, पण रेडसारख्याला लावली की घरात साप पाळल्यासारखंच.

मी लेमला म्हटलं, "त्याला घराबाहेर काढ. तुझ्या आईला तोंड नसेल तर मी सांगते."

तो शिडीवरूनच म्हणाला, "कुठं जाईल तो? भाऊ आहे माझा."

"मानलेला."

त्याने हातातला कुजका पाला खाली टाकला. "बरं. मग मी तुझा कोण गं?"

नको तिथे वकिली करतो. मी मक्याचा गरम पाव आणि लोणी पुढे केलं. त्याने खाल्लं आणि म्हणाला, रेडचं मी बघतो, तो फक्त माझं ऐकतो. ऐकत असता तर लॉन्ड्रीच्या पायरीवर दिसला नसता. पण लेमचा स्वभावच तसा आहे, दुसऱ्याची घाण स्वतःची समजून उपसतो.

३ जून

आज चर्चच्या तळघरात सभा. पोलिसांकडून डिटेक्टिव्ह हॅलोरन आला होता, गोरा, जाडसर, पण रीतभात असलेला. आमच्या लोकांनी आधी नेहमीसारखी गाऱ्हाणी घातली: दिवे लागत नाहीत, गटार तुंबलंय. मग मी उठले. मी सांगितलं की गोऱ्यांच्या वस्तीत कुणी एक पुडी विकली तर संध्याकाळपर्यंत पाच गाड्या येतात, आणि आम्ही फोन केला की तुम्ही कानावर हात ठेवता. आम्हीही कर भरतो. आम्हाला हा कोपरा साफ हवाय. झाडून न्या सगळ्यांना, आणि कोठडीची किल्ली फेकून द्या.

टाळ्या पडल्या. पास्टरसाहेबांनी उभं राहून वाजवल्या. इतक्या टाळ्या मला पोस्टातून निवृत्त होतानाही पडल्या नव्हत्या.

मग बर्नाडीन उठली, अंगात इस्पितळाचा निळा झगा तसाच. म्हणाली, "झाडून नेतील तेव्हा झाडूला कोण कोण लागेल, ते पण विचारा यांना." मागून कुणीतरी ओरडलं, तुझ्याच घरात पोसलाय ना तो. ती खाली बसली, आणि सभा संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. बघू दे.

११ जून

डिटेक्टिव्ह हॅलोरन घरी आला. पुढच्या व्हरांड्यात बसवलं, लिंबाचं सरबत दिलं. पोलिसाने मला "मॅडम" म्हणून खुर्चीत बसण्याआधी परवानगी विचारली, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. हॉलिस असता तर म्हणाला असता, जपून, हा मॅडम म्हणतोय. हॉलिसला कुणावर विश्वास नव्हता, शेवटी डॉक्टरवरही नव्हता.

मी सगळं सांगितलं. कोण कधी येतो, कुठून माल काढतात, लॉन्ड्रीच्या मागची फळी कशी सरकते. मग त्याने विचारलं, रेड झोपतो कुठे. आता इथे मला काळजी होती. लेमबद्दल याने भलतंच समजू नये, म्हणून मी आधीच खुलासा केला. म्हटलं, गेन्सचं घर सभ्य आहे. लेम तर हिरा आहे. रेडला जी काही शिस्त आहे ती त्याच्यामुळे, रेड त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. सख्खे भाऊ काय असतील असे दोघे आहेत. एक खोली, एक कपाट, एक किल्ली. एकाचं ते दुसऱ्याचं.

खोलीचं त्याने मला दोनदा विचारलं. एक कपाट का? एकच किल्ली का? माणूस मन लावून ऐकतो. जाताना सरबताचा पेला स्वतः आत नेऊन ठेवला.

२८ जून

कोपरा साफ केला! पहाटे गाड्या आल्या. मी खिडकीत उभी राहून पाहिलं. लॉन्ड्रीची मागची फळी उखडली, रेडला बर्नाडीनच्या घरातून नुसत्या चड्डीवर बाहेर काढला. मी मोठ्याने "आमेन" म्हटलं, घरात एकटी असून.

मग त्याच दारातून लेमला आणला. हात मागे बांधलेले. कामावर निघायच्या बेतात असावा, टायरच्या दुकानाचा शर्ट घातलेला, एकाच पायात बूट. त्याने माझ्या खिडकीकडे मान वर करून पाहिलं. मी हात हलवला. त्याला हात हलवता येणार नव्हता, ते नंतर लक्षात आलं.

चूक झाली आहे, उघड आहे. जेवणाच्या वेळेपर्यंत सोडतील. मी त्याच्यासाठी कोंबडी तळून ठेवली.

३ जुलै

सोडलं नाही. कपाटाच्या मागे एक पिशवी सापडली म्हणतात, भरपूर माल. रेडची, आणखी कुणाची असणार? मी पोलीस ठाण्यात गेले. डिटेक्टिव्ह हॅलोरन बाहेर गेला आहे म्हणाले. मी बाकावर बसून राहिले. तो आतल्या दारातून बाहेर आला, मला बघून पुन्हा आत गेला. पाठमोरासुद्धा मी त्याला ओळखते.

बर्नाडीनने दार उघडलं नाही. पडदा हलला. मी कोंबडीचा डबा पायरीवर ठेवून आले. संध्याकाळी तो माझ्या पायरीवर होता, जसाच्या तसा.

१६ सप्टेंबर

बरेच दिवस वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही असेल तर राग, आणि तो रोज तोच असतो.

लेम अजून कच्च्या कोठडीत आहे. जामीन एवढा की आमची गल्ली विकली तरी भरणार नाही. त्याला फुकटचा वकील दिलाय, मिस्टर प्रेंटिस नावाचा. बिचाऱ्याकडे इतके खटले आहेत की मला भेटल्यावर त्याने आधी दुसऱ्याच मुलाच्या नावाने सुरुवात केली.

त्याच्याकडून कळलं ते असं. आमच्या न्यूयॉर्क राज्यात सतरा वर्षांपूर्वी एका गव्हर्नरने कायदा केला, की अमुक वजनाच्या वर माल सापडला तर पंधरा वर्षं ते जन्मठेप. कुणाकडे का असेना, कसा का असेना, जजने काही बोलायचं नाही. आता सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, तीन वर्षांनी सुटायची सोय करतो. बर्नाडीनचं म्हणणं, घे. लेम म्हणतो, जे माझं नाही ते माझं आहे असं कसं म्हणू?

आज काचेपलीकडून त्याने मला विचारलं, फोन कानाला लावून. "दुसरी आई, तू सांग. तू कधी खोटं सांगत नाहीस."

मी म्हटलं, "केलं नाहीस ते कबूल करू नकोस. ज्यूरीत बारा माणसं बसतील, त्यांना डोळे असतील. मी स्वतः साक्ष देईन."

त्याचा चेहरा उजळला. बर्नाडीन मागच्या बाकावर होती. तिने आपली पर्स उचलली आणि निघून गेली. मुलाला खोटं बोलायला शिकवते आणि वर माझ्यावर फणकारते.

आणि हो, लॉन्ड्रीच्या पायरीवर नवी मुलं आली आहेत. रेडपेक्षा लहान. मला ओळखत नाहीत, त्यामुळे टिंगलसुद्धा करत नाहीत. मी हॅलोरनला फोन केला. त्याने निरोप ठेवायला सांगितला.

२ डिसेंबर

रेड मोकळा झाल्यात जमा आहे. त्याने वरच्या दोघांची नावं दिली, म्हणून त्याला थोडक्यावर सोडतायत. लेमकडेही मागितली होती नावं. त्याला कुणाचीच माहीत नाहीत. टायरवाल्याचं नाव देऊ का, असं त्याने विचारलं म्हणे. म्हणजे ज्याने धंदा केला त्याच्याकडे देण्यासारखं काहीतरी होतं, आणि ज्याने केला नाही तो रिकाम्या हाताने उभा राहिला. असला न्याय कुणी डोकं ठिकाणावर ठेवून लिहिला असेल असं मला वाटत नाही.

आज चर्चमध्ये मी जागा दाखवत उभी होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी फक्त बायकांनाच जागा दाखवते आहे. बायका, मुलं, म्हातारे. मधल्या वयाचा पुरुष आला की मान वळवून बघितलं जातं. गायकवृंदात खालचा सूर लावायला मिस्टर टॉलिव्हर एकटे, आणि त्यांना गुडघ्यांमुळे उभं राहता येत नाही. चर्चमधल्या लॅटिशाच्या लग्नात तिला हात धरून आणायला कोण असावं, यावर अर्धा तास वाद झाला. बाप तुरुंगात, भाऊ आत, मामा आत. शेवटी पास्टरसाहेबांनीच आणली आणि त्यांनीच लग्न लावलं, दारापासून वेदीपर्यंत धावपळ करत.

मी झाडून न्या म्हटलं होतं. कोपरा म्हटलं होतं. घरं म्हटलं नव्हतं.

१७ जानेवारी १९९१

मी साक्ष दिली. मिस्टर प्रेंटिसने नव्हे, सरकारी वकिलानेच मला बोलावलं. मला वाटलं बरंच झालं, दोन्हीकडचे लोक ऐकतील. निळा सूट घातला, हॅट घातली. बारा जणांत आमचा रंग असलेला एकच माणूस उरला होता, आमच्यातल्या बाकीच्यांना निवडीच्या वेळीच आभार मानून घरी पाठवलं होतं. तो माणूस माझ्याकडे बघतच नव्हता.

मी बायबलवर हात ठेवला. सरकारी वकील तरुण, बूट चकचकीत, आवाज लोण्यासारखा. त्याने माझ्या पोस्टातल्या नोकरीचं कौतुक केलं, मंडळाचं कौतुक केलं. मग विचारलं, आरोपी तुमचा नातेवाईक आहे का?

मी खरं बोलायची शपथ घेतली होती. "नाही," म्हटलं. "रक्ताचा नाही."

"म्हणजे तुम्हाला खोटं बोलायचं काही कारण नाही."

"मला कधीच नसतं."

लोक हसले. लेम हसला नाही. तो टेबलाकडे बघत होता.

"आरोपी आणि तो रेड, हे एकमेकांचे कोण?"

"मानलेले भाऊ."

"मानलेले म्हणजे काय, हे ज्यूरीला सांगाल? आमच्यापैकी सगळ्यांना तुमची रीत माहीत नसेल."

मी नीट समजावून सांगितलं. कुणी चेष्टा करू नये आमच्या रीतीची. म्हटलं, एकत्र वाढलेले, एका भांड्यातलं खाल्लेले. मानलेला म्हणजे खोटा नव्हे. "म्हणजे भाऊच."

"एक खोली?"

"हो."

"एक कपाट, एक किल्ली? एकाचं ते दुसऱ्याचं? हे तुमचेच शब्द आहेत, मॅडम."

होते माझेच. मी पुढे सांगायला लागले की मी ते कशासाठी म्हटलं, तर म्हणाला, फक्त हो किंवा नाही. मी जजकडे पाहिलं. जज म्हणाले, हो किंवा नाही. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "म्हणजे भाऊच. आभारी आहे." आणि बसला.

मिस्टर प्रेंटिसने उठून मला विचारलं की लेम चांगला मुलगा आहे का. मी म्हटलं, माझ्या दारातला बर्फ काढतो. ते कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

माझं एकही वाक्य खोटं नव्हतं. घरी येईपर्यंत मी सगळी पुन्हा तपासून पाहिली.

१९ जानेवारी

दोषी. जेवणाच्या सुट्टीआधीच आले बारा जण बाहेर.

१५ फेब्रुवारी

पंधरा वर्षं ते जन्मठेप. म्हणजे पंधरा वर्षं झाल्याशिवाय सुटकेचा विचारसुद्धा नाही. जज म्हणाले, माझे हात बांधलेले आहेत. ज्याचे खरोखर बांधलेले होते तो समोर उभा होता, आणि हा झगा घालून हात हलवत बोलत होता. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

रेडवर, हॅलोरनवर, त्या लोणीतोंड्या वकिलावर, त्या एकट्या आमच्या माणसावर ज्याने मान खाली घालून होकार दिला, सगळ्यांवर माझा राग आहे. बर्नाडीनवरही आहे. कपाटाच्या मागे बारा वर्षांत कधी झाडलं नाही का हिने?

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तिला गाठलं. म्हटलं, आपण वरच्या कोर्टात जाऊ, मंडळातर्फे मी सह्या गोळा करते. आजवर ती मला कायम "मिस ओझेला, तुम्ही" म्हणत आली, तिच्या आईने तशीच शिकवण दिली होती.

ती म्हणाली, "तीन वर्षांत आला असता, ओझेला. सव्वीस वर्षांचा असता. तुझा खरेपणा धुऊन मी काय चुलीवर ठेवू?"

'मिस' गाळलं तिने, चारचौघात. मी तिथेच उभी राहिले, हॅट सांभाळत.

२४ मार्च

आज गेले होते. आमच्या वस्तीतून तुरुंगाकडे जाणारी बस आहे, तीसुद्धा चर्चच्याच एका बाईने सुरू केलेली. अंधारातच निघाली. न्यूयॉर्क शहरवाल्यांना वाटतं राज्य म्हणजे ते शहर. त्यांनी एकदा या बसने उत्तरेकडे यावं, म्हणजे राज्य कुठे संपतं ते कळेल. तुरुंग थेट कॅनडाच्या अंगाला, डोंगरात. बस भरलेली, सगळ्या बायका आणि पोरं. कुणी वेण्या घालतंय, कुणी बाळाला बाप कोणता ते फोटोवर बोट ठेवून शिकवतंय. एकही पुरुष नाही, ड्रायव्हर सोडून. बर्नाडीन पुढच्या बाकावर होती. तिने मान वळवली नाही, मीही हाक मारली नाही.

मी मक्याचा पाव नेला होता. तो दारातच काढून घेतला. मग खिडकीपाशी एक गोरा पहारेकरी, तिशीतला, सर्दी झालेला.

"कैद्याशी नातं?"

"मी त्याची मानलेली आई."

"ते इथं चालत नाही. सुरुवातीला फक्त घरची माणसं. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं."

मी त्याला म्हटलं, "कोर्टात मानलेला भाऊ चालला. पंधरा वर्षांना पुरला. मग मानलेली आई तासभराला का पुरत नाही?"

मागच्या बायका हसल्या, एकीने टाळी वाजवली. पहारेकऱ्याने नाक पुसलं. "मी कोर्टात नव्हतो, बाई. पुढे कोण?"

पुढे म्हणजे माझ्या मागे बर्नाडीन होती. त्याने तिला विचारलं की ही बाई तुमच्यातली का. एवढं "हो" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? सख्खी बहीण म्हणाली असती तरी कोण तपासायला येणार होतं?

बर्नाडीन म्हणाली, "नाही. कुणी नाही ती."

मी बाजूच्या खोलीत जाऊन बसले. तर पाचच मिनिटांत ती परत आली, चेहरा काळवंडलेला. तिच्या ब्रामधल्या तारेने धातू शोधणारं यंत्र वाजलं होतं. ती काढून आत जाता येत नाही, आणि घालूनही जाता येत नाही, असा तिथला नियम. बस पुन्हा पंधरा दिवसांनी. तिने काउंटरवरच्या बाईला विनवलं, एरवी ती कुणाला विनवणारी नाही. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

माझ्या वयाच्या बायकांच्या ब्रामध्ये तारा-बिरा नसतात. मी उठून तिच्या कोटाची बाही ओढली आणि तिला बायकांच्या संडासात नेलं. कोट काढला, ब्लाउज काढला, माझी ती रुंद पट्ट्यांची पांढरी ब्रा तिच्या हातात ठेवली. तिला ती मोठी होत होती. पिन लावता येईना, कारण पिनही वाजते. मी मागून पट्ट्यांना गाठी मारल्या. थंडीने आणि रागाने माझी बोटं वळत नव्हती. तिच्या पाठीचे मणके मोजता यावेत इतकी ती वाळली आहे.

ती आत गेली. मी कोटाची सगळी बटणं लावून, छातीवर हातांची घडी घालून बाकावर बसले. माझ्याशेजारी एक दोन वर्षांची मुलगी येऊन बसली आणि मी तिला माझ्या खिशातल्या पांढऱ्या हातमोज्यांत बोटं घालू दिली.

परतीच्या बसमध्ये बर्नाडीन येऊन माझ्या बाकावर बसली. माझी वस्तू घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. मला सांगायचं होतं की मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. तोंड उघडलं आणि मिटलं.

मग तीच म्हणाली, समोर बघत, "तो विचारत होता, तुझ्या दारातला बर्फ आता कोण काढतं."

"मग काय सांगितलंस?"

"मला काय माहीत म्हटलं. मी तुझ्या दारावरून जात नाही."

तिने डोळे मिटले. गल्लीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा लॉन्ड्रीच्या पायरीवर मुलं होती, कानटोप्या घालून. एकाने दुसऱ्याला "भावा" म्हणून हाक मारली. मी मान खाली घालून चालत राहिले.

माझ्या पुढच्या पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ साचला होता. मी मागच्या दाराने घरात आले.